तिची पत्रं आणि आपलं "सांभाळून घे"

परवा महिला मंडळात पुन्हा मंजुश्री सारडा खटल्याचा विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "खालच्या कोर्टानं फाशी दिली, हायकोर्टानं कायम केली, आणि सुप्रीम कोर्टानं सोडून दिलं. मग कायदा बायकांच्या काय कामाचा?" माना डोलल्या. माझी डोलली नाही.

ज्यांचा जन्मही झाला नव्हता त्यांच्यासाठी सांगते. फेब्रुवारी 1982 मध्ये लग्न झालेली मंजुश्री त्याच वर्षी 12 जूनला पुण्यात सासरच्या घरी मृत सापडली. चार महिन्यांचा संसार. मृत्यू पोटॅशियम सायनाइडनं. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी तेव्हा "मी एक मंजुश्री" हे प्रदर्शन उभं केलं होतं. मीही तेव्हा नवी नवरी होते, नुकती बी.कॉम. झालेली. आमच्याकडे त्या बातम्यांचा पेपर आधी सासूबाई वाचायच्या आणि मग तो नेमका सापडायचा नाही!

17 जुलै 1984 ला सुप्रीम कोर्टानं नवऱ्याला निर्दोष सोडलं. विष देताना कोणी पाहिलेलं नव्हतं, सगळा खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर. न्यायमूर्ती फझल अली यांनी अशा पुराव्यासाठी पाच कसोट्या सांगितल्या, त्यांना वकील अजून "पंचशील" म्हणतात. साखळीतली कडी न् कडी सिद्ध हवी आणि आरोपी दोषी असण्याखेरीज दुसरी शक्यताच उरता कामा नये. इथे दुसरी शक्यता उरत होती, आत्महत्येची.

या कसोट्यांना शिव्या देणं मला पटत नाही. उद्या तुमच्या-माझ्या मुलावर बालंट आलं तर आपण याच कसोट्यांना हात जोडू. पावतीशिवाय खर्च धरायचा नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. इथे तर माणसाचा जीव घ्यायचा प्रश्न होता.

माझा राग वेगळीकडे आहे. मंजुश्रीनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. सरकारी पक्षाला त्यांत तिचा छळ दिसला. फझल अलींना त्याच पत्रांत एक हळवी, खचलेली मुलगी दिसली, जी स्वतःच जीव देऊ शकते. म्हणजे ती दुःखी होती, हे दोन्हीकडून मान्य! आणि दुःखी मुलीनं जीव दिला असेल तर जाब विचारायचा कोणाला? तेव्हाचा कायदा जवळजवळ मुका होता. 498अ कलम 1983 अखेरीस आलं, हुंडाबळीचं 304ब 1986 मध्ये. आता नव्या संहितेत ती 85 आणि 80 झाली आहेत.

पण कलमं काय करतील, मुलीनं सांगितलेलं आपण ऐकलंच नाही तर? 304ब लागायलाही मरणाआधीच्या छळाचा पुरावा लागतो. तो कुठून येणार? आईला केलेल्या फोनमधून, बहिणीला पाठवलेल्या मेसेजमधून. आणि आपण काय करतो? "सांभाळून घे, सगळ्यांचं असंच असतं" म्हणतो आणि मेसेज पुसून टाकतो, जावयाच्या हाती लागू नये म्हणून. वर क्षमाधर्माचा दाखला देतो. ज्याला निघून जायची मोकळीक आहे त्यानं केली तर ती क्षमा. बाविशीच्या पोरीला कोंडून करवली तर ती क्षमा कशी?

दिवाळीनंतर नात्यातल्या एका मुलीचा मला रात्री साडेअकराला फोन आला. मी म्हटलं, बोललीस ते सगळं तारखेसकट लिहून मला पाठव आणि सकाळच्या गाडीनं निघून ये. ती आली. तिची आई अजून माझ्याशी बोलत नाही.