तपासणी टळते, पिशवी निघते

विशेष प्रतिनिधी, पनवेल

पनवेलहून सुटलेली हार्बर मार्गावरील लोकल खांदेश्वर आणि मानसरोवर ही स्थानके मागे टाकून तिसऱ्या थांब्याला खारघरला पोहोचते. टाटा स्मारक केंद्राचे कर्करोगावरील उपचार, संशोधन आणि शिक्षणाचे प्रगत केंद्र याच खारघरमध्ये आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हापासून हा परिसर तिच्याच हद्दीत येतो. परराज्यांतून दोन-दोन दिवसांचा प्रवास करून रुग्ण येथे येतात. पनवेल, कामोठे, कळंबोली येथील स्त्रीला मात्र ते घराच्या उंबरठ्यावर आहे. प्रश्न असा आहे की, ही स्त्री आजार बळावण्यापूर्वी कोणत्याही तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचते का?

याचे उत्तर निराशाजनक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ या वयोगटातील स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी केली होती का, असे विचारण्यात आले. आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण देशभरात अवघे १.९ टक्के निघाले. याच देशात २०२२ या एका वर्षात या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

संथ शत्रू

हे मृत्यू अटळ असते तर त्यावर हळहळ व्यक्त करून थांबता आले असते. पण स्त्रीच्या प्रजननसंस्थेच्या कर्करोगांपैकी हाच एक असा आहे की, जो येण्यापूर्वी बराच काळ सूचना देतो. ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूचा संसर्ग हे त्याचे मूळ. शरीरसंबंधातून पसरणारा हा संसर्ग बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून आपोआप नाहीसा होतो. काही जणींमध्ये तो टिकून राहतो, गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल घडवतो आणि या बदलांचा कर्करोग होण्यास साधारणपणे १० ते २० वर्षे लागतात. या दीर्घ अवधीत आयुष्यात एक-दोनदा जरी तपासणी झाली, तरी बिघडलेल्या पेशी गोठवून अथवा उष्णतेने नष्ट करता येतात. पिशवी काढावी लागत नाही, बाईला रुग्णालयात दाखलही व्हावे लागत नाही.

तपासणीही अवघड नाही. सौम्य ॲसिटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरमधील आम्लाचा, बोळा गर्भाशयमुखाला लावून मिनिटभर थांबायचे; पेशी बिघडलेल्या असतील तर तेथे पांढरा डाग उमटतो. या साध्या पद्धतीची परीक्षा मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाली. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांना या अभ्यासात सामावून घेतले. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या, पण काटेकोर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

त्याआधीचा दुसरा अभ्यास त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. विषाणूची चाचणी आयुष्यात केवळ एकदा उपलब्ध करून दिलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेसाठीच्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. व्हिनेगरच्या एकाच फेरीने मात्र तेथे मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही, याचीही नोंद घ्यायला हवी. मुंबईत ही तपासणी दर दोन वर्षांनी पुन्हा होत होती. म्हणजेच साधी पद्धत चालते, पण ती नेमाने करावी लागते. एका दिवसाचे शिबिर भरवून भागत नाही. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणीपासून दूर ठेवल्याबद्दल या दोन्ही अभ्यासांवर पुढे टीका झाली. टीकाकारांचे म्हणणे मान्य केले, तर आपली जबाबदारी आणखी वाढते. ज्या ज्ञानासाठी महाराष्ट्रातील गरीब बायांनी एवढी किंमत मोजली, ते ज्ञान त्यांच्याच राज्यात वापराविना पडून राहावे, ही गोष्ट कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही.

न बोललेले दुखणे

तपासणी होत नाही याचे खापर सरकारी यंत्रणेवर फोडणे सोपे आहे आणि काही अंशी रास्तही आहे. परंतु दुखणे सांगितलेच जात नाही, हेही तितकेच खरे. डॉक्टरसमोर बसलेली बाई आधी कंबर दुखते म्हणते, मग अशक्तपणा सांगते; अंगावरून पांढरे जाते हे वाक्य दाराशी पोहोचल्यावर मागे वळून उच्चारले जाते. पाळीला 'कावळा शिवला' म्हणणाऱ्या आपल्या भाषेने या अवयवांसाठी उघड शब्दच ठेवले नाहीत. एक तर संस्कृत परिभाषा, नाही तर शिवी.

या मौनाखाली काय दडले आहे, ते गडचिरोलीने जगाला दाखवले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना प्रजननसंस्थेचा एक ना एक विकार होता; एकेका स्त्रीला सरासरी ३.६. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. तोपर्यंत स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच सरकारदरबारी गृहीत धरले जात होते. जंतुसंसर्ग, पाळीच्या तक्रारी, वंध्यत्व हे विषय त्या चौकटीत बसतच नव्हते.

महाराष्ट्राला या मौनाविरुद्ध बोलण्याची परंपरा नाही, असेही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी अखेरपर्यंत चालवले. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांतील एका खटल्यात १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. शंभर वर्षांनंतरही घरातल्या घरात हा विषय निघाला की दूरचित्रवाणीचा आवाज वाढवला जातो.

बीडचा धडा

आजाराची तपासणी होत नाही, याचा अर्थ उपचार होत नाहीत असा मात्र नाही. उपचार होतात आणि अनेकदा एकच होतो : पिशवी काढून टाकणे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची कहाणी पुढे आली, तेव्हा राज्य हादरले. बीडमध्ये तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांचे गर्भाशय काढण्यात आल्याची माहिती त्या वेळी विधिमंडळात देण्यात आली. त्यानंतर विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक.

या स्त्रियांपैकी अनेकींची तक्रार पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे किंवा पाळीत जास्त रक्तस्राव, एवढीच होती. जंतुसंसर्ग असेल तर तो औषधाने बरा होतो. गाठी असतील तर त्यांचा आकार आणि जागा पाहून निर्णय घ्यावा लागतो. सगळ्याच गाठी काढाव्या लागत नाहीत. पण फडावर शौचालय नाही, पाणी नाही, एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. अशा बाईला 'पिशवी काढली की कटकट संपेल, नाही तर कॅन्सर होईल' असे सांगितले की ती कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेते. त्यात बीजांडेही काढली गेली, तर तिशीतच पाळी जाते, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. कटकट संपत नाही, तिचे स्वरूप तेवढे बदलते.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी लागेल. ज्या कर्करोगाची भीती घालून पिशवी काढली जाते, त्याची तपासणी मात्र शस्त्रक्रियेपूर्वी झालेली नसते. तपासणीला वेळ लागतो, समजावून सांगावे लागते आणि तिच्यातून उत्पन्न फारसे मिळत नाही. शस्त्रक्रियेचे गणित नेमके याच्या उलट आहे. तेव्हा तपासणी न होणे आणि अनावश्यक शस्त्रक्रिया होणे या दोन वेगळ्या समस्या नाहीत. पहिलीने रिकामी ठेवलेली जागा दुसरी भरून काढते. या प्रश्नाची व्याप्ती एका जिल्ह्यापुरती नाही. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशाच प्रकारांबाबतच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल देताना, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश सर्व राज्यांना दिला.

पुरुष कोठे आहे?

या चर्चेत पुरुष जवळजवळ दिसतच नाही. विषाणूचा संसर्ग त्याच्याकडूनही येतो. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोषाचा पूर्णतः वा अंशतः वाटा असतो. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त चाचणी. तरी सोनोग्राफीपासून दुर्बिणीच्या तपासणीपर्यंत सारे आधी बायकोचे होते. पाचव्या सर्वेक्षणात कुटुंबनियोजनासाठी स्त्री नसबंदीचा अवलंब ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचा ०.३ टक्के आढळला. शस्त्रक्रिया कोणाच्या वाट्याला येते, हे सांगायला आणखी आकडेवारीची गरज नाही.

शहराने काय करावे

पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली 'सर्वाव्हॅक' ही लस २०२३ मध्ये बाजारात आली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण लस संसर्गापूर्वी, किशोरवयात द्यावयाची असते. आज ३५ किंवा ४५ वर्षांच्या असलेल्या तिच्या आईसाठी लस हे उत्तर नाही; तिला तपासणीच हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये २०३० साठी उद्दिष्टे ठरवली, तीही याच क्रमाने : ९० टक्के मुलींना १५ व्या वर्षापूर्वी लस, ७० टक्के स्त्रियांची ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत चाचणी आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार. १.९ टक्क्यांवरून ७० पर्यंतचा हा पल्ला आहे.

केंद्राच्या २०१६ च्या आराखड्यानुसार ३० वर्षांवरील स्त्रियांची दर ५ वर्षांनी तपासणी व्हायला हवी. धोरण आहे, तज्ज्ञ संस्था हद्दीत आहे, घरोघर पोहोचणाऱ्या आशा कार्यकर्त्या आहेत. उणीव आहे ती पाठपुराव्याची. प्रत्येक प्रभागात ३० वर्षांवरील स्त्रियांची यादी, ठरलेल्या दिवशी स्त्री कर्मचाऱ्याकडून तपासणी, दोष आढळल्यास शक्यतो त्याच दिवशी उपचार आणि पुढील बोलावणे. एवढी शिस्त पनवेलसारख्या तरुण महापालिकेला अशक्य नसावी. विषाणूच्या चाचणीसाठीचा नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते, त्यामुळे लाजेचा अडसर बराच कमी होतो. खासगी शुश्रूषागृहांची नोंदणी महापालिकेकडेच असते. त्यांच्याकडून चाळिशीच्या आतील गर्भाशय शस्त्रक्रियांची संख्या आणि कारणे दरवर्षी मागवली, तर बीडची पुनरावृत्ती होते आहे का, हे कोणत्याही समितीवाचून कळेल.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे : शरीरसंबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यानंतर होणारा रक्तस्राव आणि दुर्गंधीयुक्त स्राव, ही अंगावर काढण्याची दुखणी नव्हेत. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला, तर तपासणी कोणती झाली आणि दुसरा उपाय कोणता, हे विचारण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा प्रत्येक स्त्रीला अधिकार आहे. तिच्याबरोबर दवाखान्यात आलेल्या नवऱ्याने हा प्रश्न विचारला, तर अधिकच चांगले.