आयर्लंडचे १९३२ साल

‘होमरूल’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो १९१६ साली, लोकमान्यांच्या होमरूल लीगमुळे. शब्द मूळचा आयर्लंडच्या चळवळीतला. त्या देशाचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे बंडे, फाशी आणि तुरुंग उभे राहतात. पण आयर्लंडच्या इतिहासातले एकच साल निवडा, असे कोणी मला म्हटले, तर मी बंडाचे १९१६ घेणार नाही. १९३२ घेईन.

वरवर पाहता त्या साली तिथे एक निवडणूक झाली, इतकेच! पण आधीची दहा वर्षे ध्यानात घ्या. १९२१ साली इंग्लंडशी तह झाला आणि तो मानावा की नाही, यावरून भाऊ भावाच्या जिवावर उठला. १९२२-२३ च्या यादवीत तहवाद्यांच्या सरकारने ७७ विरोधकांना गोळ्या घालून देहान्त शासन दिले. विरोधकांचे पुढारी डी व्हॅलेरा यांनाही जवळजवळ वर्षभर तुरुंगवास घडला.

आणि १९३२ च्या फेब्रुवारीत लोकांनी याच डी व्हॅलेरांच्या पक्षाला १५३ पैकी ७२ जागा दिल्या! मजूर पक्षाने पाठिंबा दिला. ९ मार्चला त्यांचे सभासद सभागृहात आले, तेव्हा काहींच्या खिशात पिस्तुले होती असे सांगतात. कालचा वैरी सुखासुखी सत्ता सोडील, यावर विश्वास कसा बसावा? पण पिस्तूल बाहेर काढायची वेळच आली नाही. दहा वर्षे राज्य केलेले कॉस्ग्रेव्ह निमूटपणे विरोधी बाकांवर जाऊन बसले. फौज जागची हलली नाही.

जूनमध्ये डब्लिनच्या फिनिक्स पार्कात कॅथलिकांच्या महामेळ्याला सुमारे दहा लाख लोक लोटले. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये आयर्लंडने एकाच दिवशी दोन सुवर्णपदके पटकावली.

सगळेच गोड झाले, असे मात्र नाही. जमीनदारांकडून जमिनी विकत घेण्यासाठी शेतकऱ्यांना पूर्वी इंग्रजी कर्ज मिळाले होते. त्याचे हप्ते इंग्लंडला पाठवणे डी व्हॅलेरांनी बंद केले. जुलैत इंग्लंडने आयरिश मालावर २० टक्के जकात बसवली. मालातली मुख्य वस्तू गुरे! त्यांचे भाव कोसळले आणि १९३४ साली तर वासरे मारून टाकण्याची पाळी आली. स्वाभिमानाची किंमत गोठ्यातून वसूल झाली. १९३८ साली एकरकमी एक कोटी पौंड देऊन तंटा मिटला.

तरीही मी त्याच सालाला मान देतो. ज्यांच्या घरची माणसे एकमेकांच्या गोळ्यांनी पडली होती, त्यांनी मतपेटीचा निकाल मानला. भाव पडले त्या शेतकऱ्यालाही पुढच्या निवडणुकीत सरकारला जाब विचारता येणार होता. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला याहून मोठी कमाई कोणती हवी?