अक्षर पडद्यावर उमटते कसे?

दाखल्यावर ‘सिद्धार्थ’ची वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटून आली, की खिडकीवरचे साहेब म्हणतात, ‘कॉम्प्युटरने केले.’ नाव मोडते त्याचे, आणि अर्ज, प्रतिज्ञापत्र, फेऱ्या याही त्याच्याच वाट्याला! तेव्हा कॉम्प्युटर काय करतो, हे आपल्या घरात ठाऊक हवे.

साठ्यात अक्षर नसते, आकडा असतो. युनिकोडमध्ये ‘सि’ म्हणजे आधी स, मागून वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी डावीकडे हवी. ही जुळणी करणारा प्रोग्राम वेगळा आणि जुळलेला आकार रंगवणारा वेगळा. नाव मोडते ते बहुधा जुळणीत.

रंगवण्याचे काम करणारे ‘फ्रीटाइप’ हे मोफत सॉफ्टवेअर १९९६ पासून आहे. फॉन्टमध्ये अक्षराची फक्त बाह्यरेषा असते; तिच्यावरून ते चौकटींचे चित्र भरते. आम्हा कारकुनांना हे लगेच उमगावे, कारण ही खतावणीच आहे. किती रांगा, रांगेत किती घरे, आणि एका रांगेला किती बाइट जागा.

साध्या पद्धतीत घर काळे किंवा कोरे. अशी आठ घरे एका बाइटमध्ये बसतात. १२ घरे रुंद, १६ रांगा उंच अक्षर घ्या. रांगेला दोन बाइट लागतात, चार जागा रिकाम्या राहतात. एकूण ३२ बाइट. घरांची संख्या आणि रांगेची जागा या रकमा वेगळ्या. हिशेबात त्यांची गल्लत झाली, की अक्षर तिरपे घसरते किंवा विस्कटते.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक घराला पूर्ण बाइट. घर किती झाकले, ते ० ते २५५ मध्ये लिहायचे. जागा १९२ बाइट, म्हणजे सहापट. पण ‘ळ’ची वळणे दातेरी दिसत नाहीत.

चित्रासोबत आणखी नोंदी असतात. ते डावीकडून कुठे ठेवायचे, आधाररेषेच्या किती वर, आणि पुढचे अक्षर किती अंतरावर. हे अंतर चौकटीच्या ६४व्या भागापर्यंत मोजता येते. इंग्रजीत अक्षरे सुटी, तिथे थोडे इकडेतिकडे चालून जाते. आपली शिरोरेषा मात्र सलग लागते. अंतर पूर्णांकात बसवताना एक घर कोरे राहिले, तर ‘कमल’ तीन तुकड्यांत दिसते. नुकत्याच वाचायला शिकलेल्या आजीबाई तिथेच अडखळतात.

दाखला छापण्यापूर्वी पडद्यावरचे नाव दाखवा, असे खिडकीवर जरूर सांगावे. जुळणी बिघडली असेल तर ती बहुधा तिथेच दिसते.