साचा आहे, मजकूर हवा

मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातल्या हजारो गावांची पाने आहेत. त्यांतली बहुतेक एकाच साच्यातली आहेत: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मथळे तयार आहेत. त्यांखाली मात्र कोणत्याही गावाला लागू पडतील अशा एक-दोन ओळी असतात, नाहीतर काहीच नसते. हे चित्र बदलायचे तर ज्या अमेरिकी प्रोग्रॅमरने विकी, म्हणजे कोणीही दुरुस्त करू शकेल असे संकेतस्थळ, घडवले, त्या वॉर्ड कनिंगहॅम यांचा मूळ विचार समजून घ्यायला हवा.

या विचाराचे मूळ वास्तुरचनेत आहे. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी १९७७च्या आपल्या ग्रंथात घर आणि शहर बांधण्याची २५३ सूत्रे मांडली. खोलीला दोन बाजूंनी उजेड मिळावा, हे त्यांतलेच एक. अडचण कोणती, ती का येते आणि ती कशी सोडवावी, एवढे सूत्र सांगते. घर मात्र ज्याचे त्याने आपल्या जागेप्रमाणे बांधायचे. १९८७ मध्ये कनिंगहॅम आणि केंट बेक यांनी हीच पद्धत सॉफ्टवेअरला लावली. टेकट्रॉनिक्स कंपनीच्या एका प्रकल्पात त्यांनी पाच छोटी सूत्रे तयार केली आणि ती प्रणाली वापरणाऱ्यांच्या प्रतिनिधींना शिकवून पडद्यावरची रचना त्यांच्याकडूनच करून घेतली. जो वापरणार त्यानेच घडवावे, हा त्यामागचा आग्रह होता.

पुढे अशी सूत्रे जगभरच्या प्रोग्रॅमरांकडून गोळा करण्यासाठी कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी सुरू केला. त्याची रचना साधी होती. कोणीही पान उघडावे, तिथेच दुरुस्त करावे. अजून न लिहिलेल्या विषयाचाही दुवा आधीच देता येई; त्यापुढच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारली की कोरे पान लिहिण्यासाठी समोर येई. आज विकिपीडियावर दिसणारा लाल दुवा हे त्याचेच रूप आहे. कनिंगहॅम यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले नाही, म्हणूनच ती सर्वांची झाली. २००१ मध्ये विकिपीडिया आला आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला.

हाच विचार गावाच्या पानाला लावून पाहू. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातले महाळुंगे पडवळ घ्या. मुंबईत गिरणी कामगार असलेले, १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे होऊन प्राण देणारे हुतात्मा बाबू गेनू सैद याच गावचे. अशा गावाची ओळख ‘मुख्य व्यवसाय शेती’ एवढ्या एका ओळीत संपू शकत नाही. हुतात्म्याच्या आठवणी गावाने कशा जपल्या, कोणती पिके आली आणि कोणती गेली, पाणी कुठून येते, मुंबईला गेलेली कुटुंबे यात्रेला परततात का, हे गावच सांगू शकेल. बाहेरच्या स्वयंसेवकाने मथळे घालून दिले, हे त्याचे काम झाले. पुढचे काम गावाचे आहे.

अर्थात, सर्वांना मोकळीक म्हणजे वाटेल ते लिहिण्याची मुभा नव्हे. विकिपीडियाला प्रकाशित, तपासता येणारा आधार लागतो. १८८५चे पुणे जिल्हा गॅझेटियर, जनगणनेच्या पुस्तिका, वर्तमानपत्रे आणि स्थानिक इतिहासाची पुस्तके असा आधार देतात. जे केवळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे, ते आधी गावाच्या स्मरणिकेत किंवा नियतकालिकात छापून यायला हवे. एखादी चूक झाली तर घाबरण्याचे कारण नाही. पानाचा प्रत्येक बदल इतिहासात नोंदवला जातो आणि जुनी आवृत्ती परत आणता येते.

जुन्नर-आंबेगावच्या शाळा-महाविद्यालयांनी यात पुढाकार घ्यावा. मराठीच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून आपापल्या गावाचे पान द्यावे, संदर्भ शोधायला शिकवावे आणि निवृत्त शिक्षकांकडून मजकूर तपासून घ्यावा. त्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. हातातला मोबाइल पुरेसा आहे. आपल्या गावाबद्दल जगाने काय वाचावे, हे आपणच लिहिले पाहिजे.