टेन्शन नव्हे, रक्तदाब



आमच्या वस्तीतल्या एक मावशी मोर्चात कायम पहिल्या रांगेत असायच्या. रेशनचा प्रश्न असो की दारूच्या दुकानाचा, घोषणा त्यांच्याच आवाजात. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी त्या मोरीत कोसळल्या. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. दवाखान्यात रक्तदाब निघाला २१०/१२०. घरी फळीवर गोळ्यांची पाकिटं सापडली, निम्मी तशीच. "डोकं दुखलं की घ्यायची, रोज कशाला?" असं त्या सुनेला म्हणायच्या.

मी त्यांच्याबरोबर कित्येक वर्षं काम केलंय. नवऱ्याची मारहाण, घराची कागदपत्रं, नातीची शाळा, सगळं मला ठाऊक होतं. रक्तदाब किती, हे मात्र मी कधीच विचारलं नाही. चक्कर येते म्हणाल्या की मीही म्हणायची, "मावशी, टेन्शन घेऊ नका." घरचे हेच म्हणतात, डॉक्टरही. आपण चळवळीतल्या बायकाही बाईच्या प्रत्येक दुखण्याचं मूळ दडपणात शोधतो. दडपण खरंच आहे, त्याच्याशी लढायचंही आहे. पण ते हटेपर्यंत शरीर थांबत नाही.

रक्तदाब वाढला तरी बहुतेकींना काहीच जाणवत नाही. मेंदू, हृदय, मूत्रपिंड मात्र आतून खराब होत जातात. म्हणून मोजणं हाच एक मार्ग. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिला, तर तो उच्च रक्तदाब. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या सुमारे २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्या त्यासाठी औषध घेत होत्या. म्हणजे वीसजणींच्या बचत गटात चौघी!

बाईपणाचा संबंध इथेही आहेच. सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात भाजी उरत नाही. मग भाकरीबरोबर ठेचा, लोणचं, पापड. दिवसाला सगळं मिळून चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेवटी जेवणारीच्या पानात ते सहज ओलांडलं जातं. भाजीचा वाटा आधी काढून ठेवणं हाही उपचारच आहे. मिश्री सोडायला हवी. गरोदरपणी जिचा रक्तदाब वाढला होता, तिला पुढे तो जडण्याचा धोका जास्त. बाळंतपणानंतरही तिने तपासत राहावं. पाळणा लांबवण्याच्या काही गोळ्यांनीही तो वाढतो, तेव्हा त्या सुरू करण्याआधी मोजून घ्यावा.

आणि गोळी. आकडा खाली आला तो गोळीमुळे. म्हणून बरं वाटलं तरी ती सोडायची नाही. पैसे वाचवायला अर्धी करायची नाही, नवऱ्याच्या पाकिटातली घ्यायची नाही. दिवस राहिले किंवा राहावेत असं वाटत असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं, कारण काही गोळ्या गर्भाला अपाय करतात. २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला, त्यातल्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. रुग्णाला एका वेळी महिन्याच्या गोळ्या द्याव्यात, असं त्यात ठरलेलं आहे. रोजंदारी बुडवून आठ दिवसांच्या गोळ्यांसाठी रांग लावायची वेळ आली, तर एकटीने भांडू नका. गटाने मिळून आरोग्य केंद्रात जा.

आम्ही आता गटाच्या मासिक बैठकीत आशाताईंना यंत्र घेऊन बोलावतो. आल्या आल्या मोजायचं नाही. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, बोलणं बंद. आकडा जिचा तिच्या वहीत लिहायचा. आणि एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करायची: तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं, जीभ अडखळली, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच क्षणी मोठं रुग्णालय गाठायचं.

पहिल्याच बैठकीत तिघींचा रक्तदाब वाढलेला निघाला. तिघींनाही काही त्रास नव्हता. एक मी होते.

मावशी आता भिंतीला धरून चार पावलं टाकतात. पुढची बैठक त्यांच्या घरी आहे. तुमच्या गटाची पुढची बैठक कधी? त्या दिवशी आधी रक्तदाब मोजा, मग हिशेबाची वही उघडा.