न विचारलेला प्रश्न : मराठी चर्चासत्रांतील मौनाची चिकित्सा

१

'चर्चासत्र' या समासातील पूर्वपद गळून पडले असून केवळ उत्तरपद चालू राहिले आहे, हे विधान कोणाला विनोदी वाटेल. प्रस्तुत लेखात ते निव्वळ वर्णन म्हणून केले आहे. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, उद्घाटकांचे भाषण, बीजभाषण आणि अध्यक्षीय समारोप हा क्रम उरकेपर्यंत भोजनाची वेळ होते. दुपारच्या सत्रात आठ-दहा निबंधवाचकांना प्रत्येकी दहा मिनिटे मिळतात. पुढे ती सात होतात आणि शेवटच्या दोघांना 'फक्त निष्कर्ष सांगा' अशी चिठ्ठी जाते. सत्राध्यक्ष प्रत्येक निबंधाला 'अभ्यासपूर्ण' हे विशेषण वाटून देतात आणि चर्चा 'वेळेअभावी' वगळली जाते. ज्या गोष्टीसाठी माणसे जमली तीच वेळेअभावी वगळावी लागते, शाल-श्रीफळ मात्र वेळेअभावी कधीही वगळले जात नाही. संस्थेच्या लेखी कशाला किती मोल आहे, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

या स्थितीचे एक सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या पदोन्नतीला गुणांकाची जोड दिली आणि राष्ट्रीय चर्चासत्रातील निबंधवाचनाला साडेसात गुण ठरवले. २०१८ च्या विनियमांनी ही व्यवस्था बदलली, निबंधवाचनाचे गुणही घटवले, पण निबंध 'वाचणे' हेच मोजण्याजोगे कृत्य राहिले. निबंध ऐकण्याला, त्यावर प्रश्न विचारण्याला किंवा त्या प्रश्नामुळे आपले मत बदलण्याला यांपैकी कोणत्याही कोष्टकात रकाना नव्हता. ज्याची मोजदाद होते त्याचे उत्पादन वाढते, हा साधा नियम येथेही लागू पडला.

हे स्पष्टीकरण खरे आहे, पण अपुरे आहे, आणि आपल्याला ते फार सोयीचेही आहे. ज्यांना पदोन्नतीची अपेक्षा उरलेली नाही असे निवृत्त प्राध्यापक, ज्यांना गुणांची गरज नाही असे लेखक आणि ज्यांच्या पदाला कोणी धक्का लावू शकत नाही असे विभागप्रमुखही त्या सभागृहात मौनच पाळतात. त्यांच्या मौनाचे कारण आयोगाच्या कोष्टकात सापडणार नाही. त्या मौनाला एक तत्त्वज्ञान आहे आणि त्याचे नाव 'सौजन्य' असे आहे. जाहीर सभेत कोणाचे चुकले म्हणू नये, विद्यार्थ्याला नाउमेद करू नये, पाहुण्याचा अवमान करू नये, ही त्याची सूत्रे आहेत. प्रस्तुत लेखाचा रोख या सौजन्यावर आहे. माझे प्रतिपादन असे की, हे सौजन्य म्हणजे उपेक्षेचे सभ्य रूप होय. चर्चापीठ लोकप्रिय आणि उपयुक्त होते ते विरोध नोंदवण्याच्या व्यवस्थेमुळे. परस्परप्रशंसेने ते केवळ टिकून राहते.

२

या संदर्भात न्यायदर्शनाकडे वळणे उद्बोधक ठरेल. 'आमच्याकडे सर्व होतेच' असे म्हणण्यासाठी नव्हे, तर आपण नेमके काय सोडून दिले ते मोजण्यासाठी. न्यायसूत्रांनी कथेचे तीन प्रकार सांगितले : तत्त्वनिर्णयासाठी होणारा वाद, जयासाठी होणारा जल्प आणि स्वपक्षाची स्थापना न करता केवळ परपक्षाचे खंडन करणारी वितंडा. त्यापुढे बावीस निग्रहस्थाने, म्हणजे पराजयाची ठिकाणे, गणली आहेत. ही स्थाने मुख्यतः जल्प-वितंडेसाठी आहेत आणि वादात त्यांतील मोजकीच उठवावीत असे भाष्यपरंपरा मानते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही ती यादी आजच्या कोणत्याही चर्चासत्राच्या कार्यक्रमपत्रिकेशेजारी ठेवून वाचावी. प्रकृत विषय सोडून भलतेच बोलणे हे 'अर्थांतर'. तीनदा सांगूनही सभेला व प्रतिवादीला कळू नये असे बोलणे हे 'अविज्ञातार्थ'. परभाषेतील संज्ञांची रास ओतणाऱ्या आपल्या सैद्धांतिक निबंधांनी याचा विचार करावा. सभेला समजलेले प्रतिपक्षाचे म्हणणे पुन्हा मांडता न येणे हे 'अननुभाषण'. दुसऱ्या कामाचे निमित्त सांगून कथा मध्येच तोडणे हे 'विक्षेप'. 'पुढील कार्यक्रमास जायचे असल्याने' भाषण संपताच निघणारे उद्घाटक न्यायशास्त्राच्या लेखी पराभूत होऊनच निघतात.

या यादीतील एका स्थानाकडे मात्र विशेष लक्ष वेधायचे आहे : 'पर्यनुयोज्योपेक्षण'. ज्याला दोष दाखवून जाब विचारायला हवा होता त्याला तो न विचारणे, असा त्याचा अर्थ. समोरचा चुकला आणि तुम्ही ते दाखवले नाही, तर तुम्ही हरलात. आपल्या सौजन्यवादाने ज्याला सद्गुण ठरवले तो येथे स्पष्टपणे दोष ठरतो. या ठिकाणी एक व्यावहारिक अडचण उद्भवते आणि वात्स्यायनाने ती नेमकी ओळखली आहे. चुकलेला स्वतःची चूक सांगणार नाही, आणि ज्याने ती दाखवली नाही तो आपले मौन उघड करणार नाही. मग हे निग्रहस्थान उठवायचे कोणी? भाष्यकाराचे उत्तर असे की, ते परिषदेने सांगावे. म्हणजे परिषद ही खुर्च्या भरणारी गर्दी नसून निर्णयात सहभागी असलेला तिसरा पक्ष आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातही वैद्यांच्या संभाषेचा विचार करताना परिषदेचे वर्गीकरण येते : ती ज्ञानवती असेल किंवा मूढ, आणि पुन्हा सुहृद, उदासीन किंवा प्रतिनिविष्ट. आपल्या चर्चासत्रांनी यांपैकी केवळ सुहृद परिषदेचीच सवय लावून घेतली आहे. ज्या उदासीन, म्हणजे तटस्थ, परिषदेपुढे प्रतिपादनाची खरी परीक्षा होते, ती आपण निमंत्रितांच्या यादीतूनच वगळतो.

'उपेक्षण' हा शब्द येथे अन्वर्थक आहे. प्रश्न न विचारणे म्हणजे उपेक्षा करणे. घरात पहिल्यांदाच पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोचलेला एखादा संशोधक विद्यार्थी दुपारी चार वाजता अर्ध्या रिकाम्या सभागृहात लोकगीतांवरील निबंध वाचतो. त्याला 'स्तुत्य प्रयत्न' एवढाच अभिप्राय मिळतो, प्रमाणपत्र मिळते आणि तो बस पकडतो. त्याने संकलन कसे केले, गाणाऱ्या बाईने पाठ बदलला तेव्हा कोणता पाठ धरला व का धरला, हे त्याला कोणीही विचारले नाही. त्याचे म्हणणे विरोध करण्याइतके महत्त्वाचे नव्हते, असाच या कौतुकाचा खरा अर्थ होतो. विरोध ज्याला लाभतो त्याला निदान दखल घेण्याजोगे मानलेले असते.

३

येथे एक रास्त आक्षेप उपस्थित होईल. न्यायशास्त्राच्या त्या परिषदेत कोणाला प्रवेश होता? ज्या परंपरेने बहुसंख्यांना अध्ययनाचाच अधिकार नाकारला, तिच्या वादपद्धतीचे आदर्श आज कशासाठी मिरवायचे? हा आक्षेप टाळता येणार नाही, आणि आपल्या आधुनिक सभांच्या इतिहासाने तो अधिकच धारदार केला आहे. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांची सभा भरली. आज आपण तिला पहिले मराठी साहित्य संमेलन म्हणतो. १८८५ मध्ये दुसरी सभा कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली झाली. तिचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले आणि त्यांचे नकाराचे पत्र त्याच वर्षी 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. ज्यांना माणूस म्हणून हक्क देण्यास ही मंडळी तयार नाहीत त्यांच्या वेदनेशी अशा सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. त्या सभेतील भाषणे आज किती जणांच्या स्मरणात आहेत? सभेला न गेलेल्या माणसाचे पत्र मात्र मराठी साहित्यविचाराचा पायाभूत दस्तऐवज ठरले आहे. मराठी साहित्यसंस्थेतील पहिला महत्त्वाचा प्रश्न सभागृहाच्या बाहेरून विचारला गेला आणि सभागृहाने त्याची उपेक्षा केली.

या इतिहासातून काही अभ्यासक असा निष्कर्ष काढतात की, नियमबद्ध वाद ही मुळातच वर्चस्वाची युक्ती आहे. मला हा निष्कर्ष मान्य नाही. हाबरमासच्या सार्वजनिक क्षेत्राच्या संकल्पनेवर नॅन्सी फ्रेझरने १९९० मध्ये घेतलेला आक्षेप येथे उपयोगी पडतो. चर्चेपुरते आपले सामाजिक दर्जे बाजूला ठेवू, असे म्हटल्याने ते बाजूला होत नाहीत. उलट दर्जा असलेल्यांचीच बोलण्याची रीत 'सभ्य' ठरते, असा तो आक्षेप आहे. परंतु फ्रेझर यावर चर्चेचा त्याग हा उपाय सुचवत नाही. वंचित गट स्वतःची प्रतिक्षेत्रे उभारतात आणि तेथून प्रस्थापित क्षेत्राशी वाद घालतात, हे ती दाखवते. आपल्याकडील अध्यापक मंडळी फ्रेझरचा पूर्वार्ध उद्धृत करतात आणि उत्तरार्धाकडे डोळेझाक करतात.

४

हा उत्तरार्ध मराठीत प्रत्यक्ष घडलेला आहे. १९६७ मध्ये औरंगाबादेत सुरू झालेले 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक गंगाधर पानतावणे यांनी सुमारे पाच दशके चालवले, आणि नियतकालिकाच्या जोडीला लेखक-वाचक मेळावे भरवले. या शब्दातील जोडचिन्ह महत्त्वाचे आहे. वाचकाला येथे प्रेक्षागृहातून उठवून परिषदेत बसवले गेले. दलित साहित्य म्हणावे, बौद्ध म्हणावे की आंबेडकरवादी, मार्क्सवादाशी नाते काय असावे, हे वाद दलित साहित्याच्या चळवळीत वर्षानुवर्षे झडले, आणि ते कडवट होते. त्या कडवटपणाने चळवळीचे नुकसान झाले, असे म्हणणारे आहेत. त्यांना एवढेच विचारावे की, गेल्या अर्धशतकात मराठी समीक्षेला नव्या संज्ञा आणि नवे निकष कोठून मिळाले? सौजन्यपूर्ण चर्चासत्रांतून की या कडवट वादांतून?

दुसरे उदाहरण याहून जुने आहे. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात मुंबईच्या समुद्रकिनारी जाहीर वाद झाले. दोन्ही पक्षांचे वृत्तांत छापले गेले : जॉर्ज बोवेनचा इंग्रजी वृत्तांत त्याच वर्षी आणि 'समुद्रकिनारीचा वादविवाद' १८७२ मध्ये. मते पटोत वा न पटोत, तो वाद आज अभ्यासता येतो, कारण कोणी काय विचारले आणि कोणी काय उत्तर दिले याची नोंद आहे, आणि एक सोडून दोन नोंदी आहेत. याउलट आपल्या चर्चासत्रांचे ग्रंथ उघडावेत. आंतरराष्ट्रीय मानक पुस्तक क्रमांकासह छापलेल्या त्या जाडजूड खंडांत निबंधामागून निबंध आहेत, पण 'चर्चा' या शीर्षकाचे एक पानही बहुधा सापडत नाही. पावणेदोनशे वर्षांनंतर एखाद्या संशोधकाला आपल्या पिढीत मतभेद होते तरी काय, हे शोधायचे झाल्यास त्याच्या हाती काय लागणार?

५

उपाय अवघड नाहीत. अवघड आहे ती इच्छा. निबंध आधी वितरित करावेत आणि सभेत ते वाचू नयेत. दिवसाला चारच निबंध असावेत आणि प्रत्येकाला दिलेला निम्मा वेळ परिषदेचा असावा. प्रत्येक निबंधासाठी एक प्रतिवादी आधीच नेमावा. त्याने प्रथम निबंधकाराचे म्हणणे निबंधकाराला मान्य होईल अशा शब्दांत मांडावे आणि मगच त्यावर आक्षेप घ्यावा. अननुभाषणाचा दोष टाळण्याचा दुसरा मार्ग नाही. सत्राध्यक्षाने प्रशंसा करू नये. प्रश्न विषयाला धरून आहे की माणसाला धरून, एवढे पाहावे. पहिला प्रश्न विद्यार्थ्यांकडून घ्यावा, कारण ज्येष्ठ बोलून गेल्यावर विद्यार्थी बोलत नाही हे आपण सर्व जाणतो. प्रश्नोत्तरांची नोंद ग्रंथात छापावी. नियतकालिकांनी लेखाइतकीच जागा प्रत्युत्तराला ठेवावी.

यावर 'नियम आले की गळचेपी आली' असे म्हटले जाईल. मुक्त चर्चेचे हे समर्थक एक गोष्ट विसरतात : नियम नसलेल्या सभेत सर्वजण मोकळे नसतात, ज्याचा आवाज मोठा आणि पद उंच तोच मोकळा असतो. वेळेची मर्यादा, बोलण्याचा क्रम आणि उत्तराचा हक्क ही दुर्बळाची हत्यारे आहेत. प्रबळाला त्यांची गरज कधीच नव्हती. दुसरा आक्षेप व्यवहाराचा येईल : चारच निबंध ठेवले तर उरलेल्यांच्या गुणांचे काय? याचे उत्तर स्पष्ट आहे. ज्यांना प्रमाणपत्र हवे आहे त्यांना ते टपालाने पाठवावे. त्यासाठी सभागृह, भोजन आणि शंभर माणसांचा दिवस खर्ची घालण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नवख्या संशोधकाला अशा प्रश्नांचा मारा झेपेल का? हा कळवळा खरा मानला, तरी तो कोणाविषयी दाखवला जातो हे पाहावे. न्यायसूत्रांनी वाद शिष्य, गुरू आणि सहाध्यायी यांच्याशी करावा असे सांगितले, आणि एकच अट घातली : ते असूयारहित असावेत. शिष्य दुबळा म्हणून त्याला वादातून वगळा, असे तेथे म्हटलेले नाही. ज्याला आपण प्रश्नापासून वाचवतो त्याला आपण ज्ञानव्यवहाराच्या बाहेर ठेवतो. १८८५ च्या सभेने ही उपेक्षा दाराबाहेर केली. आपण सर्वांना दारातून आत घेतले, सतरंजीवर बसवले, हाती प्रमाणपत्र दिले आणि तीच उपेक्षा सभागृहात चालू ठेवली. आत आलेल्या माणसाला प्रश्न विचारला जात नाही आणि त्याचा प्रश्न ऐकला जात नाही, तोवर दार उघडल्याचा अभिमान बाळगण्याचा अधिकार मराठीच्या कोणत्याही विभागाला नाही.