बाळ कोणाचे पाप घेऊन येते?



आपल्या नांदेड-लातूर भागात मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. कोणी आपल्या मुलांच्या वर्गात असते, कोणी दवाखान्यात सिस्टर असते, कोणी शेजारी. यांपैकी बऱ्याच घरांत बाळ जन्मले की चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा होतो. बाळाच्या कपाळावर पाणी घातले जाते. असा कार्यक्रम पाहून आलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "टीचर, ते बाळ दोन महिन्यांचे आहे. त्याने अजून काहीच केले नाही. मग त्याचे कोणते पाप धुतले?"

हा प्रश्न "त्यांच्यात तसेच असते" असे म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. पाप कुठून येते, हे कळल्याशिवाय माणूस मुलांना नीट वाढवू शकत नाही. मात्र उत्तर शोधताना एक पथ्य पाळू या. ग्रंथधारकांशी बोलायचे तर उत्तम रीतीनेच बोला, असा आदेश सूरह अन्कबूतच्या ४६व्या आयतीत आहे. म्हणून त्यांची शिकवण आधी त्यांच्या बाजूने समजून घेऊ, मग आपली सांगू.

ख्रिस्ती शिकवण काय आहे?

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, आदम आणि हव्वा यांची गोष्ट आहे. मनाई केलेले फळ दोघांनी खाल्ले आणि त्यांना बागेतून बाहेर काढले गेले. "हे पाप सर्व मानवजातीत उतरले" असे वाक्य त्या गोष्टीत नाही. ज्यू लोक हाच ग्रंथ मानतात, पण जन्मतः पापाची ही शिकवण ते मानत नाहीत. त्यांच्या संदेष्ट्यांपैकी यहेज्केल यांच्या ग्रंथात, अठराव्या अध्यायात, बापाच्या अपराधाची शिक्षा मुलाला नाही, असे स्पष्टच म्हटले आहे.

ख्रिस्ती शिकवणीचा पाया संत पौलाच्या पत्रात आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो की एका माणसाद्वारे पाप जगात आले आणि पापाबरोबर मृत्यू आला. यावर मोठी इमारत उभी केली ती ऑगस्टीन या धर्मगुरूने (इ.स. ३५४ ते ४३०). तो उत्तर आफ्रिकेतला, आजच्या अल्जीरियाच्या भागातला. त्याने सांगितले की आदमाचा अपराध जन्माबरोबर प्रत्येकात उतरतो. पेलाजियस नावाच्या साधूने विरोध केला. माणूस निर्दोष जन्मतो आणि चांगले-वाईट स्वतः निवडतो, असे त्याचे म्हणणे. इ.स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची मते नाकारली. पुढे १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने कॅथलिक चर्चसाठी मूळ पापाची शिकवण पक्की केली.

दोन भाषा शिकवणारी म्हणून मला यातली एक गोष्ट फार लक्षणीय वाटते. पौलाने ग्रीक भाषेत लिहिले. तिथला अर्थ "सर्वांनी पाप केले म्हणून" असा होतो. ऑगस्टीन लॅटिन भाषांतर वाचत होता आणि तिथे "ज्याच्यात सर्वांनी पाप केले" असा अर्थ निघत होता. एका शब्दाच्या भाषांतराने केवढा फरक पडतो, पाहा. ग्रीक भाषेतच वाचणाऱ्या पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने वारशाने येणारा अपराध कधी मानला नाही. आदमामुळे मृत्यू आणि दुबळेपणा आपल्या वाट्याला आला, दोष नव्हे, असे ते म्हणतात. आजची कॅथलिक शिकवणसुद्धा सांगते की मूळ पाप म्हणजे बाळाने केलेले कृत्य नाही, ती जन्मतः मिळालेली अवस्था आहे. तेव्हा "ख्रिस्ती लोक तान्ह्या बाळाला गुन्हेगार मानतात" असे सरसकट बोलणे बरोबर नाही.

ही शिकवण मराठीत येऊनही चारशे वर्षे झाली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला. तिथल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्याने मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जगाची निर्मिती, आदम-हव्वा यांचे पतन आणि ईसा यांच्या हातून होणारे तारण, हा सारा प्रवास त्यात दहा हजारांहून अधिक ओव्यांत आहे. मूळ पाप आणि तारण ही जोडी का, हेही त्यातून कळते. ऋण एवढे मोठे की माणूस ते फेडू शकत नाही, म्हणून ते दुसऱ्याने फेडावे लागले, असा तो विचार आहे.

कुरआनमधील आदम (अलै.)

आता आपली बाजू. पवित्र कुरआनमध्ये ही हकीकत सूरह बकरा, सूरह आराफ आणि सूरह ताहा यांत येते. चूक झाली, हे कुरआन लपवत नाही. पण चुकीनंतर काय झाले, तिथे वाट वेगळी होते. उत्पत्तीच्या गोष्टीत आदम हव्वेकडे बोट दाखवतो आणि हव्वा सापाकडे. कुरआनमध्ये (आराफ : २३) दोघे मिळून म्हणतात की, आम्ही स्वतःवरच जुलूम केला, तू क्षमा केली नाहीस तर आमचे नुकसान होईल. बोट कोणी कोणाकडे दाखवत नाही. बोट दाखवतो तो इब्लीस. तू मला भरकटवलेस, असे तो थेट अल्लाहलाच म्हणतो. चूक दोघांकडून झाली, आदमकडून आणि इब्लीसकडून. एकाने ती पदरात घेतली, दुसऱ्याने झटकली. माणूस आणि सैतान यांच्यातला फरक तिथे पडला.

मुलींच्या आईंनी आणखी एक लक्षात घ्यावे. कुरआन हव्वाला एकटीला दोषी धरत नाही. सूरह ताहामध्ये तर वसवसा आदमच्या मनात घातला गेला, असेच शब्द आहेत. तरीही "बाईमुळेच जन्नत गेली" हे वाक्य आपल्याही घरांत ऐकू येते. ते कुरआनचे नाही.

तौबा केल्यावर अल्लाहने आदमची तौबा कबूल केली, त्यांना निवडले आणि मार्ग दाखवला (ताहा : १२२). खाते तिथेच बंद झाले. जे माफ झाले, ते मुलांच्या नावावर कसे चढेल? म्हणून कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, हे तत्त्व कुरआनमध्ये पाच ठिकाणी आले आहे. अन्आम, बनी इस्राईल, फातिर, जुमर आणि नज्म या त्या सूरह. प्रत्येक मूल फितरतवर जन्मते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. बाळाच्या कानात आपण अजान देतो, ती धुण्यासाठी नसते. ती स्वागताची हाक असते.

रक्तात नाही, वळणात

मग जगात इतके पाप दिसते कसे? ख्रिस्ती विचारातल्या खऱ्या निरीक्षणाला इथे मान द्यायला हवा. मूल कोऱ्या जगात येत नाही. ते आधीच चुकलेल्यांच्या घरात येते. बाप दिवसभर गुटखा खात असेल, तर मुलाच्या हाती पुडी लवकर येते. घरात चुलीपाशी रोज गीबत चालत असेल, तर मुलगी तीच भाषा शिकते. बापाने सावकाराचे कर्ज केले, तर मुलाची शाळा सुटते. परिणाम वारशाने येतात, सवयीही येतात. गुन्हा मात्र येत नाही.

फितरतच्या त्याच हदीसमध्ये पुढे आई-वडिलांचा उल्लेख आहे. मूल पुढे कोणत्या वाटेने जाते, यात त्यांचा हात असतो. सूरह नहलच्या २५व्या आयतीत तर, इतरांना भरकटवणारे आपल्या ओझ्याबरोबर त्यांच्या ओझ्याचाही वाटा उचलतील, असा इशारा आहे. म्हणजे हिशेब उलट्या दिशेने चालतो. बापाचे पाप मुलावर चढत नाही, पण मुलाला वाईट वळण लावल्याचा जाब बापाला द्यावा लागतो.

आणि आपण काय करतो? मुलाने खोटे बोलले की म्हणतो, "खाण तशी माती. बापावर गेलाय." तोंडाने पाच सूरहांचे तत्त्व मानायचे आणि घरात मूळ पापाची आपली छोटी आवृत्ती चालवायची, असा हा प्रकार आहे. शेजारच्या ख्रिस्ती घरात निदान ते पाप धुण्याचा विधी तरी आहे. आपण मारलेला शिक्का पुसायला काय आहे?

आपल्या मातीतला अनुभव

खरे तर दुसऱ्याच्या पापाचे ओझे म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या मुसलमानाला वेगळे सांगायला नको. कासिम रझवी लातूरला वकिली करत होता. त्याच्या रझाकारांनी लोकांवर अत्याचार केले, हे सत्य आहे आणि ते आपण निःसंकोच सांगितले पाहिजे. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर मात्र त्याची किंमत ज्यांनी रझाकार होण्याचा विचारही केला नव्हता, अशा हजारो साध्या माणसांनी मोजली. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली भारत सरकारने पाठवलेल्या मंडळाने मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे त्यांनी घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचवल्याच्या घटनाही त्याच अहवालात आहेत. त्या शेजाऱ्यांनी एकाचे ओझे दुसऱ्यावर टाकायला नकार दिला.

आजही भांडणात एखाद्या पोराला "रझाकार" म्हटले जाते. त्याच्या आजोबांचाही जन्म तेव्हा झालेला नसतो. हे किती बोचते, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच हे दुसऱ्याच्या बाबतीत करताना आपली जीभ आधी अडखळायला हवी.

अडखळते का? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. मूल त्या जमातीत जन्मले, एवढाच त्याचा गुन्हा. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, त्या जमाती 'विमुक्त' झाल्या, पण नजर बदलली नाही. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' या आत्मकथनात हेच जगणे मांडले. १९८८ मध्ये त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गावात चोरी झाली की पारध्याच्या पालाकडे बोट दाखवणाऱ्यांत आपले लोक नसतात, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल का?

वर्गातही तेच दिसते. माझ्या एका वर्गातील कंपास हरवला, तेव्हा चाळीस मुलांच्या नजरा एकाच मुलाकडे वळल्या. त्याचे वडील तुरुंगात होते. कंपास नंतर बाकाच्या फटीत सापडला. पण त्या पाच मिनिटांत तो मुलगा मान खाली घालून बसला होता, जणू त्यालाही वाटत होते की आपणच घेतला असेल. जन्मावर मारलेला शिक्का असा आत उतरतो. ज्याला रोज वाईट म्हटले जाते, तो एक दिवस म्हणतो, आता चांगले राहून तरी काय मिळणार?

घरात काय करावे?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक प्रसंग आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्य हजरत ईसा (अलै.) यांना विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आई-वडिलांचे? ते उत्तर देतात, दोघांचेही नाही. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या ग्रंथातला हा प्रसंग आपल्या घरांनाही लागू आहे. अपंग बाळ जन्मले की सून रडत सांगते, "सासू म्हणते, कोणत्या पापाचे फळ आहे कोण जाणे." त्या सासूला कोणीतरी प्रेमाने सांगायला हवे की ते बाळ परीक्षा असेल, अमानत असेल, शिक्षा नाही.

सोयरीक जुळवतानाही हे आठवावे. "त्यांच्या फुफीने पळून लग्न केले होते" म्हणून भाचीचे स्थळ नाकारणे, "मामू दारुडा आहे" म्हणून चांगल्या मुलाला नाही म्हणणे, हे ओझ्यांचे वाटप आपण कोणत्या आयतीवरून करतो? मुलाचे स्वतःचे चारित्र्य पाहा, जरूर पाहा. पण ते त्याचेच पाहा.

आणि मुलाकडून चूक झाली, तर "तू आहेसच तसा" म्हणू नका. "तू हे चुकीचे केलेस" म्हणा. पहिल्या वाक्यात मुलाला बाहेर पडायला दार नाही, दुसऱ्यात आहे. सूरह आराफमधली आदम-हव्वा यांची दुआ त्याला अर्थासह शिकवा. घरातल्या मोठ्यांनीही चूक झाल्यावर मुलांसमोर ती कबूल करावी, कारण कबुली देण्याचे वळणसुद्धा पाहूनच लागते.

आदमकडून आपल्याला पाप मिळालेले नाही. मिळाली आहे ती तौबा करण्याची रीत. मुलांच्या हाती द्यायचा वारसा हाच आहे.